चार तास सदतीस मिनिटं

लिफाफा दाराच्या फटीतून आत पडला तेव्हा रॉय ऑर्मरॉड जिन्याच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. एका बुटाची बांधून झाली होती. दुसऱ्याची तशीच लोंबत ठेवून तो उठला, कारण लिफाफ्याला खिडकी होती आणि खिडकीतून त्याचं नाव मधल्या अक्षरासकट अख्खं दिसत होतं. असं नाव एक तर सरकार लिहितं, नाही तर ज्याला आपली सकाळ नासवायची आहे तो. आत त्याच्या गाडीचे दोन फोटो होते, राखाडी आणि धुरकट. एका फोटोत गाडी आत शिरत होती आणि दुसऱ्यात बाहेर पडत होती. आत अकरा वाजून सहा मिनिटांनी, बाहेर तीन त्रेचाळीसला. सुपरमार्केटच्या आवारात गाडी फार तर दोन तास ठेवता येते. आपली गाडी मंगळवारी चार तास सदतीस मिनिटं होती. गाडी आपल्या नावावर नोंदलेली असल्यानं ती कोण चालवत होतं ते कळवावं, नाही तर रक्कम भरावी. पोलिसांचा वाटावा असा मजकूर होता आणि पोलिसांचा मुळीच नव्हता. खाली कुठल्या तरी पार्किंग कंपनीचं नाव आणि दूरच्या गावातल्या टपालपेटीचा पत्ता होता. रॉयनं पत्र दोनदा वाचलं. पैशांचं त्याला काही वाटलं नाही. त्याला आठवत होती ती वीस मिनिटं. दूध, ब्रेड, आल्याची बिस्किटं, मार्मालेड. गल्ल्यापाशी बसलेल्या मुलीच्या अंगठ्याला निळी पट्टी होती. वीस, फार तर पंचवीस मिनिटं. मग उरलेले चार तास कुठे गेले?

"कोणाचं रे पत्र?" स्वयंपाकघरातून ग्लेनिसनं विचारलं.

"खिडक्या बदलून देणाऱ्यांचं," तो म्हणाला. "दुहेरी काचा. सवलत आहे म्हणे."

"बदलून घे. मला तसंही बाहेरचं काही दिसत नाही."

हा तिचा नेहमीचा विनोद होता आणि त्यावर तो नेहमीसारखा हसला. ग्लेनिसच्या नजरेच्या ऐन मधोमध चार वर्षांपासून एक डाग बसला होता. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. माणूस समोर आला तर तिला त्याचे कान दिसत आणि चेहऱ्याच्या जागी धुकं. दर सहा आठवड्यांनी शुक्रवारी मँचेस्टरला डोळ्यात इंजेक्शन, गुरुवारी चर्चच्या सभागृहात गाण्याचा सराव, रविवारी तळ्याकाठी बहीण मार्जरीकडे, आणि या सगळीकडे तिला रॉय नेत असे. पत्रं तोच वाचून दाखवी. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती आणि खोटं बोलणं इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. कर नाही त्याला डर कशाला, असं मनाशी म्हणत त्यानं पत्र घडी करून कोटाच्या आतल्या खिशात घातलं, आणि दुसऱ्या बुटाची नाडी न बांधताच तो तासभर घरात फिरला.

एकतीस वर्षं रॉयनं रॉचडेलमध्ये लोकांच्या ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेतल्या होत्या. मांडीवर फळी, फळीवर कागद, कागदावर चौकटी. डावीकडच्या सीटवर बसून त्यानं या गावाचं प्रत्येक वळण हजारदा घेतलं होतं, स्वतःचा हात स्टिअरिंगला न लावता. चूक झाली की तो काही बोलत नसे. नुसती तिरकी रेघ मारायचा. उमेदवाराला रेघ दिसत नसे, पेन कागदावरून फिरल्याचा आवाज मात्र यायचा, आणि त्या आवाजानं भल्याभल्यांना घाम फुटायचा. आता सारखा तोच आवाज त्याच्या कानात येत होता. ग्लेनिसला चहा करून देताना, बागेतली पानं गोळा करताना, दात घासताना तो मंगळवार पुन्हा पुन्हा चालवून बघत होता. सकाळी ओटमीलची लापशी. मग ग्लेनिसच्या डोळ्यांत थेंब. मग दुकान. मग? दुपारी आपण काय केलं? जेवलो असणार, माणूस जेवतोच. रेडिओ ऐकला असणार. असणार, असणार, सगळ्या दुपारभर एक धड आठवण सापडेना, नुसते अंदाज. पण बुधवारची दुपार तरी कुठे आठवत होती? कुणाला आठवते? त्यानं सोमवार काढून पाहिला. सोमवारी पाऊस होता आणि गटार तुंबलं होतं, ते स्वच्छ आठवलं, आणि त्यामुळे मंगळवार आणखीच पोकळ वाटू लागला.

तिसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन मुद्दाम तिथेच गेला. ग्लेनिसला म्हणाला, टायरची हवा बघून येतो. कॅमेरा खांबावर होता, तो आजवर त्यानं कधी पाहिलाच नव्हता. रॉयनं गाडी ट्रॉल्यांच्या रांगेशेजारी लावली, इंजिन बंद केलं आणि घड्याळ बघत बसला. इथे चार तास बसणं म्हणजे नेमकं काय, ते त्याला अंगानं समजून घ्यायचं होतं. दहा मिनिटांत पाय आखडले. पंचवीस मिनिटांत काचेवर वाफ धरली. एक बाई सामान भरून गेली, तिच्या जागी दुसरी आली, दुसरी गेली, तिथे व्हॅन येऊन उभी राहिली. इतका वेळ माणूस इथे बसला तर त्याच्या पाठीला, गुडघ्यांना, लघवीच्या पिशवीला ते कळल्याशिवाय राहील का? मन विसरलं तरी अंग विसरेल का? हा विचार त्याला आधाराचा वाटला आणि तो जरा सैल होऊन मागे टेकला. टेकल्याबरोबर त्याला हिल्डा पॉम्फ्रेट आठवली. पस्तीसेक वर्षं झाली असतील त्याला. त्रेसष्ट वर्षांची बाई, सातवी खेप, हातात कातडी हातमोजे, उजव्या मोज्याची शिवण करंगळीपाशी उसवलेली. सगळा रस्ता तिनं सुरेख गाडी चालवली. टाउन हॉलच्या खालच्या चौकात दिवा हिरवा झाला आणि ती थांबूनच राहिली. मागून भोंगे वाजले. दिवा पुन्हा लाल झाला. "काय झालं, मिसेस पॉम्फ्रेट?" त्यानं विचारलं होतं. "काही नाही. क्षणभर मी इथे नव्हते," ती म्हणाली, अगदी साधेपणानं, जणू शेजारच्या खोलीत जाऊन आली होती. त्यानं रेघ मारली. नापास झाल्याचं सांगितलं तेव्हा ती थँक्यू म्हणाली आणि मोजे काढून पर्समध्ये ठेवले; आठव्यांदा आली नाही. क्षणभर कुठे होतात, हे आपण तिला का नाही विचारलं? तेव्हा ते विचारण्याचं काम नव्हतं. उसवलेली करंगळी पस्तीस वर्षांनंतर दिसते आणि गेल्या आठवड्यातली एक दुपार दिसत नाही, हा कुठला न्याय, असं म्हणून रॉय स्वतःशीच चिडला. घड्याळात एक तास एकावन्न मिनिटं झाली होती. दोन तास व्हायच्या आत त्यानं चोरासारखी गाडी बाहेर काढली.

चौथ्या दिवशी मात्र राहवेना. शेजारचा इम्तियाझ दारासमोर टॅक्सी धूत होता. पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला, गप्पिष्ट माणूस. रॉयनं त्याला नव्वद साली दोनदा नापास केलं होतं आणि तेव्हापासून तो रॉयला 'साहेब' म्हणत असे, त्यात आदर किती आणि उट्टं किती ते त्याचं त्यालाच ठाऊक. रॉयनं पत्र दाखवलं. म्हणाला, एका मित्राचं आहे.

"मित्राचं नाव पण रॉय ऑर्मरॉडच का?" इम्तियाझनं हात पुसून कागद घेतला. "साहेब, हा दंड नाही. पोलिसानं दिला तर दंड. हे कोण लागून गेले? हे नुसतं बिल आहे, टोपी घातलेलं बिल. आणि पहिली गोष्ट, गाडी कोण चालवत होतं ते सांगायचं नाही. कायद्यानं बांधील नाही तुम्ही. 'चालक' म्हणायचं. चालक आला, चालक गेला. कोण चालक? आम्हाला काय ठाऊक. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"पण खोटं कसं लिहू?"

"खोटं कुठे लिहायचंय? फक्त खरं लिहायचं नाही. सगळा देश तेच करतो. तुम्ही दोनदा मला नापास केलंत तेव्हा तुम्ही तरी सही करताना नाव कुठे लिहिलं होतं? 'परीक्षक' लिहिलं होतं."

"पहिल्यांदा तू आरशात बघितलं नव्हतंस."

"आणि दुसऱ्यांदा जास्त बघितलं म्हणून."

"बघत राहिलास आणि समोर सायकलवाला आला. लाल गाडी होती, मागच्या काचेला तडा. तुझा भाऊ फाटकापाशी उभा होता."

इम्तियाझ हसला. "बघा. एवढं तर मलाही आठवत नाही." मग त्यानं फोटो उजेडात धरले. "हे बघा, हा जुना घोळ आहे. माझ्या मेव्हण्याचं असंच झालं. कॅमेऱ्यासमोर एखादी मोठी व्हॅन आडवी आली की मधली नंबरप्लेट सुटते. सकाळी आत शिरलात ते टिपलं, दुपारी शेवटी बाहेर पडलात ते टिपलं. मधलं बाहेर पडणं आणि परत येणं गेलं हवेत. दोन खेपांची एक खेप. तुम्ही दोनदा गेला असणार. पावत्या जोडा, दोन मिनिटांत रद्द होईल."

"पण मी एकदाच गेलो होतो."

"मंगळवार ना? नाही हो, दोनदाच गेला असणार. त्या संध्याकाळी तर ग्लेनिसनं भिंतीवरून दूध दिलं आमच्याकडे, ब्रेड पण. म्हणाली, जास्त आलंय. माझ्या बायकोनं त्या ब्रेडचं..." इम्तियाझ बोलता बोलता थांबला. त्यानं रॉयच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग टॅक्सीच्या आरशाकडे वळला आणि पुसून लख्ख झालेला आरसा पुन्हा पुसू लागला. "मेव्हण्याचं रद्द झालं," तो आरशाकडे बघतच म्हणाला.

रॉय आपल्या गाडीत येऊन बसला. गाडीत कागदाचा कपटाही इकडेतिकडे टाकायचा नाही, ही जुनी शिस्त. पावत्या दाराच्या कप्प्यात जायच्या आणि महिनाअखेरीला तिथून कचऱ्यात. त्यानं सगळ्या काढून सीटवर पसरल्या. पेट्रोल, औषधाचं दुकान, दिव्याचा बल्ब. मग मंगळवारची एक, अकरा चोवीस. आणि मंगळवारची दुसरी, तीन छत्तीस. आधी आनंद झाला हे कबूल करायला हवं. कागद हातात धरून तो चक्क म्हणाला, सापडलात बेट्यांनो. कंपनी खोटी ठरली होती. चार तास कुठेच गेले नव्हते, तो आपल्या घरी, आपल्या खुर्चीत होता. आणि मग त्यानं दोन्ही पावत्या शेजारी शेजारी ठेवल्या. दूध, ब्रेड, आल्याची बिस्किटं, मार्मालेड. दूध, ब्रेड, आल्याची बिस्किटं, मार्मालेड. तेच चार जिन्नस, त्याच क्रमानं, म्हणजे दुकानातून तो त्याच वाटेनं फिरला होता. मुलीच्या अंगठ्याची निळी पट्टी सकाळची की दुपारची? तो आठवायला गेला आणि पट्टी जागची हलेना. एक खेप त्याच्याकडे होती आणि एक नव्हती, आणि असलेली कुठली नि नसलेली कुठली हेही त्याला सांगता येत नव्हतं. नसलेल्या खेपेतही त्यानं आरसे पाहिले असणार, सिग्नल दिले असणार, शाळेपाशी वेग कमी केला असणार. घरापासून दुकानापर्यंत दोन मैल, त्यात तीन चौक, एक शाळा. कुणीतरी गाडी नीट चालवली होती. कोणी? त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, आणि तिथे ठेवल्यावर तर त्याला जास्तच भीती वाटली.

ग्लेनिस ओट्यापाशी डबे लावत होती. तिचं सगळं बोटांवर चालायचं. मार्मालेडच्या बरणीला रबर, मिठाला कापडाची फीत, साखरेला काही नाही. रॉय दारात उभा राहिला.

"ते पत्र खिडक्यांचं नव्हतं," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. खिडक्यांचं पत्र कुणी चार दिवस खिशात घेऊन हिंडत नाही. तू वाकलास की कागद वाजतो."

"मंगळवारी मी दुकानात दोनदा गेलो?"

तिनं हातातली बरणी खाली ठेवली. "हो."

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"तीन वाजता निघालास तेव्हा नाही. मला वाटलं, घरात कंटाळला असशील, बाहेर पडायला निमित्त हवं असेल. परत आलास, पिशवी टेबलावर ठेवलीस आणि म्हणालास, 'बिस्किटांचं शेवटचं पाकीट मिळालं, नशीबवान आहेस.' सकाळीही हेच म्हणाला होतास. याच सुरात." ती त्याच्याकडे बघत होती, म्हणजे त्याच्या कानाकडे. "तेव्हा कळलं."

"हे पहिल्यांदाच?"

"मला कळलेलं तिसऱ्यांदा."

रॉय खुर्चीवर बसला. कुणीतरी आपल्याशेजारी बसून इतके दिवस न बोलता रेघा मारत होतं, आणि आपल्याला पेनाचा आवाजही आला नाही, असं त्याला वाटलं आणि राग आला; मग त्या रागाचीच लाज वाटली. "बोलली का नाहीस?" त्यानं विचारलं.

"बोलले असते तर गाडी गेली असती." ती पटकन म्हणाली, हे वाक्य बरेच दिवस तयार असल्यासारखं. "शुक्रवारचं इंजेक्शन, गुरुवारचं गाणं, मार्जरीकडे जाणं. मला भीती वाटली, रॉय. तुझ्यासाठी वाटायला हवी होती. माझ्यासाठी वाटली. तुला गाडीतून पाठवत होते आणि दाराशी उभी राहून तू परत आल्याचा आवाज ऐकत होते. रोज म्हणायचे, उद्या सांगेन. असली बाई आहे मी." तिनं डोळे पुसले, त्या डोळ्यांना रडण्यापुरतं काही झालं नव्हतं. रॉयनं तिचा हात धरला. तिच्यावर रागावण्याइतका निर्दोष तोही नव्हता. चार दिवस तोही तेच करत होता, ताकाला जाऊन भांडं लपवत होता. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "ते पैसे भरून टाकूया का? पत्र फाडून टाक. कुणाला काही कळणार नाही."

भरून टाकणं खरंच सोपं होतं. पैसे भरले की कागदोपत्री तो एक म्हातारा, गाडीत डुलकी लागलेला, चार तास एके जागी बसलेला, निरुपद्रवी. पावत्या जोडल्या की तो निर्दोष, पण मग दोन मैलांचा तो रस्ता, ते तीन चौक आणि ती शाळा कुणीतरी आठवणीवाचून ओलांडल्याचं त्याच्याच हातानं लिहून द्यावं लागणार. अख्खी दुपार तो त्या दोन्हींमध्ये येरझाऱ्या घालत राहिला. बागेच्या दारापर्यंत जायचा, परत यायचा. शाळेचा चौक पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येई. मंगळवारी तीन वाजून गेल्यावर शाळा सुटते.

संध्याकाळी तो टेबलाशी बसला आणि हरकतीचा अर्ज लिहू लागला. इम्तियाझनं सांगितलं तसंच त्यानं सुरुवात केली: चालक अकरा वाजून सहा मिनिटांनी आत आला, साडेअकराच्या सुमारास बाहेर पडला. हे त्याला अवघड गेलं नाही. एकतीस वर्षं तो असंच लिहीत आला होता. चालकानं आरशात पाहिलं नाही. चालक चौकात थांबून राहिला. चालक कोण, त्याला घरी कोण वाट बघतंय, हे त्या चौकटींत कधीच मावत नसे. त्यानं पेन खाली ठेवलं. मग कागद फाडून दुसरा घेतला आणि एका दमात लिहून काढला, आणि ग्लेनिसला वाचून दाखवला, यावेळी एक शब्दही न गाळता. "दोन्ही वेळा गाडी मी चालवत होतो. माझं नाव रॉय ऑर्मरॉड. मी सकाळी आणि दुपारी असा दोनदा आलो, दोन्ही पावत्या सोबत जोडल्या आहेत. यातली एक खेप मला आठवत नाही."

"इम्तियाझ म्हणाला ना, नाव द्यायचं नाही," ग्लेनिस म्हणाली. "आणि ते शेवटचं वाक्य काढ. त्यांना काय करायचंय त्याच्याशी?"

"त्यांना काहीच करायचं नाहीये."

"मग?"

"कुठेतरी लिहिलेलं असू दे. उद्या मी हेही विसरलो तर तू मला वाचायला लाव."

सकाळी त्यानं पाकीट पेटीत टाकलं, दवाखान्याला फोन करून बुधवारची वेळ घेतली, आणि गाडीची किल्ली नेऊन इम्तियाझच्या हातावर ठेवली. "डॉक्टरांकडे जाऊन येईपर्यंत तुझ्याकडे ठेव. मागितली तरी देऊ नकोस." शुक्रवारी मी सोडतो मँचेस्टरला, असं इम्तियाझ दोनदा म्हणाला. रॉय म्हणाला, पुढच्या वेळी. या वेळी आमचं आम्हाला बघू दे. कंपनीचं उत्तर पुढे तीन आठवड्यांनी आलं, दोन ओळींचं: आपण दोन वेळा आल्याचं ग्राह्य धरलं आहे, नोटीस रद्द. त्या शेवटच्या वाक्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

त्याआधीच्या, इंजेक्शनच्या शुक्रवारी सकाळी दोघं बसथांब्यावर उभी होती. गार वारा होता. ग्लेनिसला येणाऱ्या बसचा नंबर दिसत नव्हता, आणि कुठली बस पकडायची ते घरातून निघताना तिनं रॉयला सांगितलं होतं, ते आता त्याला खात्रीनं सांगता येईना. एक बस वळणावरून आली.

"वाच," ती म्हणाली.

त्यानं वाचला.

"ही नाही. मागची असेल."

मागचीही त्यानं वाचली. "हीच," ग्लेनिस म्हणाली आणि त्याचा दंड धरून चढली. डावीकडची जागा मिळाली. बस टाउन हॉलच्या खालच्या चौकात आली, पुढे लाल दिवा होता आणि ड्रायव्हर वेग कमी करीना. रॉयनं पुढची दांडी धरली आणि ब्रेक दाबावा तसा पाय जमिनीवर गच्च दाबला. बस थांबली. दिवा हिरवा झाला, बस निघाली, तरी त्याचा पाय उचलेना. ग्लेनिसचा हात त्याच्या गुडघ्यावर होता.

"पाय दाबू नकोस," ती हळूच म्हणाली. "चालवतोय तो."

"दाबत नाहीये," रॉय म्हणाला.

तिनं हात तिथेच ठेवला. पुढच्या चौकापर्यंत कधीतरी तो पाय सैल झाला, आणि ते आधी तिला कळलं.